कलम ३७ आणि महिन्याचे दोनशे रुपये

मुंबईत नोकरी करणाऱ्याच्या पगारपत्रकात भविष्य निर्वाह निधी आणि आयकर यांच्या शेजारी एक लहानशी कपात असते: दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे मिळून २५००. तिचे नाव व्यवसाय कर. आम्ही लेखा विभागातली माणसे तिला नुसते ‘पीटी’ म्हणतो. माझी सारी नोकरी पगारपत्रके बनवण्यात गेली. नव्याने लागलेली मुले पहिल्या पगारानंतर टेबलाशी येऊन हमखास विचारतात, की बाकीचे कळले, पण हे दोनशे कशाचे? मी त्यांना बसवून या कराची हकिकत सांगतो, कारण राज्यघटनेतले एक कलम आपल्या पगारातून दरमहा इतक्या उघडपणे जाते, हे दाखवणारी याहून सोपी जागा मला ठाऊक नाही.

हकिकत दुष्काळातली आहे. खेड्यात मागेल त्याला काम द्यावे, ही कल्पना वि. स. पागे यांची. ते विधान परिषदेचे सभापती होते आणि या कल्पनेचा पहिला प्रयोग १९६५ मध्ये त्यांच्याच तासगाव तालुक्यात झाला. १९७२ च्या दुष्काळात ती योजना राज्यभर गेली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी फोडणे अशा कामांवर तेव्हा लाखो माणसे जगली. दुष्काळ सरल्यावर योजना गुंडाळली जाऊ नये, तिला हक्काचा पैसा मिळावा, म्हणून १९७५ साली व्यवसाय कर बसवण्यात आला; कराचे जितके उत्पन्न येईल तितकीच भर राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, अशी ती व्यवस्था होती. गिरणीतला कारकून, फोर्टातला वकील, दादरचा दुकानदार यांनी थोडेथोडे द्यायचे आणि त्यातून जत किंवा आटपाडीच्या माळावर कुणाला तरी काम मिळायचे. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, आणि घटनेच्या कलम ४१ मध्ये सांगितलेला कामाचा हक्क ग्रामीण भागात प्रत्यक्षात आणण्यासाठी हा कायदा करीत आहोत, असे त्याच्या प्रास्ताविकेतच लिहिले गेले. एका राज्याच्या विधिमंडळाने घटनेतल्या एका कलमाकडे बोट दाखवून ‘हे आम्ही करीत आहोत’ असे म्हटल्याची इतकी सरळ उदाहरणे आपल्याकडे फार नाहीत.

मला या प्रवासातला एक टप्पा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९७२ पासून १९७७ पर्यंत रोजगार हमी ही शासनाच्या निर्णयाने चाललेली योजना होती; त्यानंतर ती कायदा झाली. कामावरच्या बाईच्या हातातले फावडे तेच राहिले, मजुरीतही एका रात्रीत फरक पडला नाही. पण कायद्यानंतर तिने काम मागितले की १५ दिवसांत ते देणे सरकारवर बंधनकारक झाले आणि न दिल्यास बेकारी भत्ता देणे आले. त्याआधी ती सरकारकडे काही मागत होती; त्यानंतर सरकार तिचे काही देणे लागू लागले. आपली घटना कल्याणकारी राज्य म्हणून जे काही सांगते, ते या एका टप्प्यात आहे असे मी मानतो, आणि पुढचे सारे लिहिणे त्याच्यासाठी आहे.

घटनेचा चौथा भाग कलम ३६ ते ५१ असा आहे. शाळेत आपण त्याला मार्गदर्शक तत्त्वे म्हणून पाठ केले. कलम ३८ लोकांचे कल्याण साधणारी, न्यायावर उभी असलेली समाजव्यवस्था उभारायला सांगते. कलम ३९ उपजीविकेचे पुरेसे साधन, समान कामाला समान वेतन आणि संपत्तीचे केंद्रीकरण होऊ न देणे यांबद्दल आहे. ४१ मध्ये काम, शिक्षण आणि बेकारी, म्हातारपण, आजार, अपंगत्व अशा प्रसंगी लोकसाहाय्य. ४२ मध्ये कामाची माणुसकीची परिस्थिती आणि प्रसूतिसाहाय्य. ४३ मध्ये निर्वाह वेतन. ४७ मध्ये पोषण आणि सार्वजनिक आरोग्य. यादी वाचली की माणसाच्या जन्माच्या आधीपासून म्हातारपणापर्यंतचे आयुष्य डोळ्यांसमोरून जाते. मात्र या सगळ्याच्या दारात कलम ३७ उभे आहे. ते म्हणते, की या भागातल्या तरतुदी कोणत्याही न्यायालयामार्फत अमलात आणता येणार नाहीत. तरीही देशाच्या कारभारात ही तत्त्वे मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणे हे राज्याचे कर्तव्य असेल.

या कलमाचा पहिला तुकडा सर्वांना ठाऊक असतो आणि तेवढ्यावरून ‘ही तर नुसती शोभेची कलमे’ असा शेरा मारून लोक पुढे जातात. मला तिसरा तुकडा अधिक वजनदार वाटत आला आहे. घटना राज्याला दयाळू व्हा असे सांगत नाही, वरचेवर मदत वाटा असेही सांगत नाही. कायदे करताना ही तत्त्वे लागू करा, असे सांगते. आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेत सामाजिक धोरणाची अशीच तत्त्वे ४५ व्या कलमात आहेत आणि तिथेही न्यायालयाला त्यांत लक्ष घालता येत नाही. घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव १९४७ च्या अखेरीस परदेश दौऱ्यात आयर्लंडलाही जाऊन आले होते. आयर्लंडने ती तत्त्वे कायदेमंडळाच्या मार्गदर्शनासाठी म्हणून ठेवली. आपण त्याच्या पुढे जाऊन तिथे कर्तव्य लिहिले.

हे कर्तव्य पुरेसे आहे का, यावर घटना समितीत चांगलीच खडाजंगी झाली. मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवलेले प्रा. के. टी. शहा यांचा आक्षेप आजही झोंबतो. बँकेला परवडेल तेव्हाच वटेल अशा धनादेशासारखी ही तत्त्वे आहेत, असे ते म्हणाले. आयुष्यभर धनादेशांवर सह्या घेत फिरलेल्या माझ्यासारख्याला तो आक्षेप कुणी समजावून सांगायला नको. टी. टी. कृष्णम्माचारी यांनी तर या भागाला भावनांची कचरापेटी म्हटले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उत्तर दोन टप्प्यांत आले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना ते म्हणाले, की सत्तेवर येणाऱ्याला या सूचना मोडल्याबद्दल न्यायालयात जाब द्यावा लागणार नाही, पण निवडणुकीच्या वेळी मतदारांपुढे तो नक्की द्यावा लागेल. आणि १९ नोव्हेंबरला, राज्य ‘प्रयत्न करील’ ही शब्दयोजना सैल आहे असा आक्षेप निघाला तेव्हा त्यांनी स्पष्ट केले, की ती मुद्दाम घातली आहे; परिस्थिती कितीही प्रतिकूल असली तरी सरकारला हात बांधून बसता येऊ नये, काळ कठीण आहे असे म्हणून सुटता येऊ नये, हा तिच्यामागचा हेतू आहे.

हे उत्तर देणारा माणूस दीडेक वर्षापूर्वीच याहून बरेच पुढचे काही मागत होता, हे विसरून चालणार नाही. १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी तयार केलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग आणि विमा राज्याच्या मालकीचे असावेत, शेती हा राज्याचा उद्योग असावा, आणि हे सारे खुद्द घटनेतच लिहिलेले असावे, म्हणजे बदलत्या बहुमताला ते सहजी पुसता येणार नाही, अशी मांडणी केली होती. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी वेगळी भूमिका घेतली: आर्थिक लोकशाही हे ध्येय घटनेत राहील, तिथवर जाण्याचा मार्ग मात्र लोकांनी निवडायचा. याला कुणी माघार म्हणतात, कुणी मुत्सद्देगिरी. मला असे वाटते, की घटना समितीतले संख्याबळ ओळखणाऱ्या माणसाने मिळेल ती जागा घट्ट पकडून ठेवली, आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीच्या आयुष्यात आपण प्रवेश करीत आहोत, हा इशारा देऊन त्या जागेवरचा आपला दावा नोंदवून ठेवला.

कल्याण कायद्याने बांधले पाहिजे ही त्यांची धारणा दिल्लीत तयार झालेली नव्हती. परळच्या दामोदर ठाकरसी हॉलच्या आणि बीआयटी चाळीच्या परिसरात, गिरणी कामगारांच्या शेजारात राहिलेला हा माणूस १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात नियुक्त सदस्य म्हणून गेला. पुढच्याच वर्षी कारखान्यांतल्या बायकांना बाळंतपणाची रजा आणि भत्ता देणारे विधेयक आले, तेव्हा त्यांनी केलेले भाषण मला फार मोलाचे वाटते. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळण्यात साऱ्या राष्ट्राचे हित आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा, हे त्यांनी मान्य केले. परंतु सरकार तो उचलत नाही म्हणून मालकाला मोकळे सोडता येणार नाही, कारण त्या बाईच्या श्रमाचा लाभ त्याला होत असतो, असेही बजावले. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला, देशात या प्रकारचा पहिला. घटनेचे कलम ४२ वाचताना मला नेहमी वाटते, की त्याची पहिली ओळ गिरणगावात लिहिली गेली.

आज गिरण्या नाहीत. त्यांच्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतींपैकी एकीत माझे कार्यालय आहे, आणि तिथे नोकरीत असलेल्या बाईला २०१७ च्या दुरुस्तीमुळे २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. त्याच इमारतीतल्या घरांमध्ये लादी पुसणाऱ्या बाईला ती मिळत नाही. तिच्यासाठी २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात किमान ६००० रुपयांचे मातृत्व साहाय्य लिहिलेले आहे, पण ते देण्यासाठी निघालेली केंद्राची योजना पहिल्या बाळासाठी ५००० देते आणि उरलेल्याची भरपाई दुसऱ्या एका योजनेवर सोपवते. कायद्यात आकडा असल्यामुळे निदान हे अंतर दाखवता तरी येते.

शिक्षणाचे उदाहरण याहून बोलके आहे, आणि महाराष्ट्राचे त्याच्याशी जुने नाते आहे. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा म्हणून निवेदन दिले; गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात विधेयक आणले आणि ते पुढच्या वर्षी पडले; शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात कायदाच केला. घटना समितीच्या मूलभूत हक्क उपसमितीने १९४७ मध्ये मोफत प्राथमिक शिक्षण न्यायालयात मागता येईल अशा हक्कांत धरले होते. वरच्या सल्लागार समितीने ते तिथून काढून मार्गदर्शक तत्त्वांत नेले. कलम ४५ ला तेवढी एक मुदत मात्र मिळाली: घटना लागू झाल्यापासून दहा वर्षांत १४ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण. चौथ्या भागात अशी मुदत दुसऱ्या कशालाच नव्हती. १९६० उलटले आणि काहीही झाले नाही. २००२ मध्ये ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षणाला मूलभूत हक्क करणारे कलम २१-अ आले, २००९ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. १९४७ मध्ये एका समितीने पुसलेली ओळ पुन्हा लिहायला ५५ वर्षे लागली, म्हणजे दोन पिढ्या.

परंतु ती लिहिली गेल्याने काय बदलले, हे २०२४ मध्ये मुंबईत दिसले. त्या फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला वंचित आणि दुर्बल घटकांसाठीच्या २५ टक्के जागांमधून सूट दिली. मुंबईत एक किलोमीटरच्या आत महापालिकेची शाळा बहुतेक ठिकाणी असतेच, तेव्हा सूट म्हणजे जवळपास सरसकट मुभा झाली असती. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि जुलैमध्ये न्यायालयाने तो बदल रद्द केला. हा हक्क कायद्यात नसता, एखाद्या परिपत्रकाने दिलेला असता, तर दुसऱ्या परिपत्रकाने तो गेला असता आणि कुणाला कुठे जाता आले नसते.

न्यायालयाने कायदेमंडळाची वाट न पाहता चौथ्या भागात हात घातल्याचे सर्वांत मोठे उदाहरणही याच शहरातले आहे. जुलै १९८१ च्या पावसात, पदपथांवर आणि झोपड्यांत राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या गावी पाठवण्याचा निर्णय तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर केला. पत्रकार ऑल्गा टेलिस आणि काही पदपथवासी न्यायालयात गेले. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठाने १० जुलै १९८५ रोजी, म्हणजे ते निवृत्त होण्याच्या आदल्या दिवशी, निकाल दिला. उपजीविकेचे साधनच काढून घेतले तर जगण्याचा हक्क उरत नाही, म्हणून कलम २१ मध्ये उपजीविकेचा हक्क येतो, आणि असा अर्थ लावताना कलम ३९ आणि ४१ यांचा आधार घेतलाच पाहिजे, असे त्यात सांगितले. ही माणसे कामाच्या जवळ राहता यावे म्हणून पदपथावर राहतात, घर गेले की कामही जाते, हे न्यायालयाने अगदी रोजच्या व्यवहारातून समजून घेतले. विधिशाखेचे विद्यार्थी हा निकाल अभिमानाने वाचतात आणि ते योग्यच आहे. तरी त्याचा शेवटही वाचायला हवा. नोटीस न देता अतिक्रमण हटवण्याचा महापालिकेच्या कायद्यातला अधिकार वैध ठरला, फक्त सामान्यतः म्हणणे ऐकून घ्यावे असा त्याचा अर्थ लावला गेला. १९७६ च्या गणनेतल्या ओळखपत्रधारकांना पर्यायी जागा देण्याचे निर्देश दिले गेले. आणि पदपथावरच्या बाकीच्यांना पावसाळा संपून एक महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, मुदत मिळाली. तत्त्व त्या लोकांनी जिंकले, जागा ते हरले. न्यायालय हक्काचा अर्थ रुंद करू शकते. घरे बांधायला, पैसे ठेवायला आणि अधिकारी नेमायला कायदेमंडळच लागते.

या गोष्टीला एक पुढचा अध्याय आहे, आणि योगायोगाने तोही मुंबईचाच. म्हाडाच्या कायद्यात १९८६ मध्ये एक प्रकरण घालण्यात आले: उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, जुन्या इमारतीतल्या ७० टक्के भाडेकरूंनी मागणी केली तर ती इमारत सरकारने संपादित करून त्यांच्या सहकारी संस्थेला द्यावी. हे कलम ३९ (ब) साठी, म्हणजे समाजाची भौतिक साधनसंपत्ती सर्वांच्या हिताने वाटली जावी यासाठी आहे, असे कायद्यातच म्हटले होते. मालक न्यायालयात गेले. त्यातून निघालेला प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींपुढे जाऊन ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सुटला, तेव्हा सरन्यायाधीश होते धनंजय चंद्रचूड, यशवंत विष्णूंचे चिरंजीव. प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती मानता येणार नाही. तिचे स्वरूप, तिची टंचाई, तिचा समाजावर होणारा परिणाम हे पाहून ठरवावे लागेल, असे बहुमताने ठरले. मला हा निकाल निम्मा पटतो. कुणाच्याही दोन खोल्या सरकारने हव्या तेव्हा समाजाच्या म्हणाव्यात, हे मला नको आहे. पण काळबादेवी किंवा गिरगावात टेकूंवर उभ्या असलेल्या इमारतीखालून जाताना, जिथे दर पावसाळ्यात धोकादायक इमारतींची यादी लागते आणि लोक तरीही राहतात कारण बाहेर पडलो तर परत जागा मिळेल याची खात्री नसते, तिथे मालकीच्या प्रश्नाला नुसते तत्त्वाने उत्तर देता येत नाही.

आता ज्या गोष्टीने मला हे लिहायला बसवले, तिच्याकडे येतो. आपल्याकडे गेली काही वर्षे कल्याण म्हणजे योजना, आणि योजना म्हणजे शासन निर्णय, असे समीकरण झाले आहे. जून २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ शासन निर्णयाने आली. काही दिवसांतच तिच्या अटी सैल करण्यात आल्या, आणि निवडणूक होऊन गेल्यावर छाननी सुरू झाली. महिन्याला १५०० रुपये ही रक्कम ज्यांना लहान वाटते त्यांनी ती कधी मोजलेली नाही. त्या पैशातून औषधे आली, मुलांची फी गेली, बाईच्या नावाचे खाते पहिल्यांदा चालते झाले. माझा विरोध त्या पैशाला मुळीच नाही. मला एवढेच खटकते, की तो पैसा देणाऱ्या कागदाने त्या बाईला कुठलाही हक्क दिलेला नाही. तिचे नाव वगळले गेले तर लेखी कारण किती दिवसांत द्यायचे, अपील कुणाकडे करायचे, उशीर झाला तर काय, हे विधिमंडळात चर्चा होऊन, कलमाकलमाने ठरलेले नाही. कलम ३७ ने राज्याला जे करायला सांगितले, ते इथे राहून गेले आहे.

योजनेत आणि हक्कात किती अंतर असते, हे मला आमच्या चाळीतल्या एका काकूंच्या अर्जावरून कळले. नवरा गेलेला, मुलगा नाही, वय साठीकडे झुकलेले. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरायला त्या माझ्याकडे आल्या. ही योजना १९८० पासूनची आहे आणि २०२३ पासून तीही १५०० रुपये देते. अर्जात उत्पन्नाचा रकाना आला. मर्यादा वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे दिवसाला साठ रुपयेसुद्धा नाहीत. काकू दोन घरी पोळ्या करतात. मी कागदावर बेरीज मांडली, ती त्यांनी वाचली, आणि हातातले आधार कार्ड पिशवीत ठेवत मला विचारले, “मग खोटं लिहायचं का हो?” मी त्यांना लिहू नका म्हणालो, आणि अर्ज तिथेच थांबला. सरकारने निराधार कुणाला म्हणायचे, हा आकडा कायद्यात असता तर दर काही वर्षांनी तो सभागृहापुढे आला असता. कुणीतरी आमदाराने उभे राहून विचारले असते, की दिवसाला साठ रुपयांत मुंबईत कोण जगते? वृद्धापकाळाच्या राष्ट्रीय निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयासाठी आजही महिना २०० रुपये आहे, आणि त्याचीही गोष्ट तीच. कलम ४१ मधले म्हातारपण या दोन आकड्यांत अडकून पडले आहे.

बाबासाहेबांनी मतदारांपुढे जाब द्यावा लागेल असे म्हटले, तेव्हा त्यांच्या मनात जो मतदार होता तो कायदा झाला का, असे विचारणारा होता. आजचा मतदार खात्यात आले का, असे विचारतो, आणि ज्याची चूल त्यावर पेटते त्याने तसे विचारण्यात काही गैर नाही. पण वर्तमानपत्रांनी, वकिलांनी, प्राध्यापकांनी, आमच्यासारख्या पगारदारांनी तरी पहिला प्रश्न सोडता कामा नये. जाहीरनामे हातात येतात तेव्हा रकमेच्या शेजारी मी एकच गोष्ट शोधतो: याचा कायदा करू, असे कुठे लिहिले आहे का? फारसे कुठे सापडत नाही.

सगळ्यात मोठी रिकामी जागा कामाच्या हक्काची आहे. महाराष्ट्राच्या कायद्याने ग्रामीण भागापुरती हमी दिली, २००५ मध्ये केंद्राने वर्षाला १०० दिवसांची हमी देणारा कायदा केला, तोही ग्रामीण कुटुंबांसाठी. कलम ४१ मध्ये खेडे आणि शहर असा भेद नाही. २०२० च्या टाळेबंदीत नाशिक महामार्गावरून चालत निघालेली माणसे ज्या गावांकडे निघाली होती तिथे निदान मागता येईल असे काम होते. ज्या शहरातून निघाली होती तिथे तसे काही नव्हते.

आमच्या उपनगरात स्टेशनपासून थोड्या अंतरावर एक नाका भरतो. सकाळी सातला तिथे दोन-अडीचशे माणसे असतात. कुणाच्या पिशवीत थापी आणि ओळंबा, कुणाकडे रंगाचे ब्रश, बायकांच्या हातात घमेले आणि डबा. ठेकेदाराची मोटारसायकल थांबली की दहा जण गोळा होतात आणि दोघे मागे बसून जातात. नऊच्या सुमारास भाव उतरतो, दहानंतर जे उरतात ते घरी परततात. जालन्याकडच्या एक मावशी तिथे असतात. गावी त्यांनी रोजगार हमीवर बंधाऱ्याचे काम केलेले आहे. दोन्हीकडच्या कामात काय फरक, असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “तिथं हजेरीपट होता भाऊ, उशिरा का होईना पैसं निघायचं. इथं मुकादम म्हणंल ते.” बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये केंद्रीय कायदा झाला; बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो आणि त्यातून कल्याणकारी मंडळ चालते. पण नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. रोज वेगळ्या ठेकेदाराकडे जाणाऱ्या बाईला तो दाखला कोण देणार? नाक्यावरच्या बहुतेकांनी म्हणूनच तो नाद सोडलेला आहे.

राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत, अशी अट कलम ४१ मध्ये आहे, आणि ती रास्त आहे. मुंबई महानगरपालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटी रुपयांहून मोठा होता. या शहराबाबत त्या अटीचा आधार घेणे अवघड आहे. कामाचाही तुटवडा नाही: नालेसफाई, पदपथ, शाळांची डागडुजी, उद्याने, टेकड्यांवरच्या वस्त्यांतल्या संरक्षक भिंती. केरळने शहरी रोजगार हमीची योजना पंधरा वर्षांपूर्वीच सुरू केली, राजस्थानने २०२३ मध्ये शहरांनाही धरून किमान उत्पन्नाच्या हमीचा कायदा केला. महाराष्ट्राकडे तर स्वतःचाच नमुना आहे. विभाग कार्यालयात काम मागायचे, तारखेसह पोच घ्यायची, १५ दिवसांत काम किंवा भत्ता, कामाच्या ठिकाणी पाणी, सावली आणि लहान मुलांना सांभाळणारी बाई, आणि तक्रार ऐकणारा नावानिशी अधिकारी: हे सारे आपल्या राज्याला लिहिता येते, कारण खेड्यासाठी त्याने ते लिहिलेले आहे. शहरासाठी नव्याने सोडवावा लागेल असा प्रश्न मला एकच दिसतो, तो रहिवासाच्या पुराव्याचा. नाक्यावरच्या मावशींचे रेशन कार्ड जालन्याचे आहे, त्या राहतात ती खोली दुसऱ्याच्या नावावर आहे, आणि भाडेकरार करून द्यायला मालक तयार नाही. अशा कायद्याने पत्त्याचा कागद मागितला तर तो पहिल्याच दिवशी त्यांच्यासाठी बंद होईल. त्यामुळे महापालिकेच्या माणसाने सकाळी नाक्यावर येऊन घेतलेली हजेरी हाच पुरावा धरला जाईल, एवढे कलम त्यात आधी लिहून घ्यावे लागेल.